आकाशांतील झोत आणि मोहरीएवढा ठिपका

गेल्या वर्षीं ह्याच सदरांत आम्हीं एक विधान मोठ्या ठामपणानें केलें होतें. शास्त्रें दोन प्रकारचीं. कांहीं हातांनीं करून पाहण्याचीं, कांहीं केवळ डोळ्यांनीं पाहण्याचीं. आणि खगोलशास्त्र हें दुसऱ्या प्रकारांतलें होय, असें तें विधान. रसायनशास्त्रज्ञ दोन द्रव्यें परीक्षानळींत ओतून काय होतें तें पाहूं शकतो. पण ताऱ्यास परीक्षानळींत कोण घालणार? हें वाक्य आम्हीं फळ्यापुढें उभे राहून पस्तीस वर्षें उच्चारलें, आणि मुलें त्यावर दर वर्षीं नेमानें हंसत, म्हणून तें आम्हांस विशेष प्रिय होतें. तें आतां मागें घेणें भाग आहे. चूक ज्या पानावर केली त्याच पानावर ती कबूल करावी, अशी आमची समजूत असल्यामुळें हा लेख.

चूक दाखविली ती आमच्या पुतणीनें. धाकट्या बंधूंची ही कन्या पुण्यास पदार्थविज्ञानाच्या एम्. एस्सी.च्या वर्गांत आहे. सुटींत घरीं आली असतां तिनें तो अंक चाळला, आणि सकाळच्या चहाच्या वेळीं, घरांतील नऊ माणसांसमक्ष, ती म्हणाली, "काका, तुमचें तें परीक्षानळीचें वाक्य चुकलें आहे." तिच्या आईनें डोळे वटारले. आम्हीं मात्र, शिक्षकाचा पिंड असल्यामुळें, कारण विचारलें. "तारा नाहीं घालतां येत, पण ताऱ्याचा झोत घालतां येतो. करून दाखविल्याला दहा वर्षें होऊन गेलीं," असें तिचें उत्तर. पुढील चार दिवस आमच्या घरीं दुसरा विषय निघाला नाहीं. त्यांत जें आम्हांस उमजलें तें वाचकांस सांगतों. आमचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकचें, व त्यापुढें संस्कृताचें. तेव्हां गणिताच्या खोल पाण्यांत आम्ही उतरणार नाहीं.

झोत म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. १९१८ सालीं कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळेंत हेबर कर्टिस ह्या ज्योतिर्विदास, कन्या राशींतील मेसिए ८७ नामक तेजोमेघाच्या छायाचित्रांत, मध्यापासून निघालेली एक बारीक सरळ प्रकाशरेषा दिसली. त्यांनीं तिची नोंद केली. तिचा अर्थ लावण्याचें साधन त्या काळीं कोणापाशींच नव्हतें. तो तेजोमेघ म्हणजे सुमारें साडेपांच कोटि प्रकाशवर्षें दूर असलेलें एक स्वतंत्र तारकाविश्व आहे, ही रेषा कित्येक सहस्र प्रकाशवर्षें लांब आहे, आणि तिच्या मुळाशीं साडेसहाशें कोटि सूर्यांच्या वजनाचें कृष्णविवर आहे, हें सर्व मागाहून कळलें. त्या विवराच्या छायेचें चित्र एप्रिल २०१९ मध्यें जगभर प्रसिद्ध झालें, तें आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेलच.

असे झोत केवळ अशा राक्षसी विवरांपासूनच निघतात असें नाहीं. नुकताच जन्म घेत असलेला एखादा सामान्य तारासुद्धां, भोंवतालच्या चकतींतील वायु गिळतां गिळतां, त्यांतला कांहीं भाग दोन्ही ध्रुवांकडून बाहेर फेकतो. अमेरिकेचे जॉर्ज हर्बिग व मेक्सिकोचे ग्विलेर्मो हारो यांनीं मृग नक्षत्राच्या परिसरांत जे चमत्कारिक तेजाचे पुंजके १९४० नंतरच्या दशकांत अभ्यासिले, ते अशा झोतांचे भोंवतालच्या वायूवर आपटलेले तुकडे होत, हें पुढें पुष्कळ वर्षांनीं ध्यानांत आलें. आणि लांबीचा उच्चांक म्हणाल तर २०२४ च्या सप्टेंबरांत जाहीर झालेली झोतांची जोडी टोंकापासून टोंकापर्यंत सुमारें दोन कोटि तीस लक्ष प्रकाशवर्षें भरली! ग्रीक पुराणांतील एका दैत्यावरून तिला पोर्फिरिऑन हें नांव दिलें आहे. ती युरोपांतील लोफार ह्या रेडिओ-दुर्बिणीनें सांपडली. पण तिचें उगमस्थान असलेलें तारकाविश्व कोणतें हें ठरवितांना, नारायणगांवजवळच्या खोडद येथील आपल्या महाकाय रेडिओ-दुर्बिणीचें साहाय्य झालें. जुन्नरकडे जातांना त्या तबकड्या ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांनीं ही गोष्ट घरांतील मुलांस अवश्य सांगावी.

आतां खरा प्रश्न. स्वयंपाकघरांत प्रेशर कुकरची शिटी होते, तेव्हां वाफेचा फवारा मोठ्या आवेशानें वर जातो, पण दोन विती जाण्यापूर्वींच पांगतो. पिचकारीचें पाणीही लवकरच फांकतें. मोकळ्या जागेंत सुटलेला वायु चोहोंकडे पसरावा, हा त्याचा धर्मच आहे. मग आकाशांतील हे वायूचे झोत, भोंवतीं नळी नाहीं, भिंत नाहीं, तरी इतक्या लांबवर सुतासारखे सरळ कसे जातात? त्यांस आवळून कोण धरतें? बहुतेक ज्योतिर्विदांचा संशय चुंबकत्वावर होता. परंतु संशय निराळा आणि पुरावा निराळा. दुर्बिणींतून झोत दिसतो, त्यांतील चुंबकीय क्षेत्र मोजणें महाकठीण. आणि तें क्षेत्र काढून घेतलें तर झोत पांगेल कीं नाहीं, हें तर आकाशांत पाहतांच येत नाहीं. असा वाद प्रयोगावांचून मिटत नाहीं. आणि प्रयोग अशक्य, असें तर आम्ही मुलांस शिकवीत होतों.

येथें एक शब्द समजावून घेतला पाहिजे, तो म्हणजे प्लाझ्मा. वायु पुष्कळ तापविला म्हणजे त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि विद्युद्भारित कणांचा एक लोंढा तयार होतो, तोच प्लाझ्मा. किती उष्णतेस किती अणु फुटतील ह्याचें सूत्र आपल्या मेघनाद साहा यांनीं १९२० सालीं मांडलें, आणि ताऱ्यांच्या वर्णपटाचा उलगडा त्यामुळें झाला. साधा वायु चुंबकास दाद देत नाहीं, प्लाझ्मा देतो. त्याचे कण चुंबकीय रेषांस जणूं ओवले जातात. रेषेच्या बाजूनें ते सहज धांवतात, पण तिला आडवे जाऊं लागले कीं त्यांस अडथळा होतो.

आतां तो प्रयोग. पॅरिसजवळ एकोल पॉलिटेक्निक ह्या विद्यालयाच्या आवारांत लुली नांवाची लेसर-प्रयोगशाळा आहे. तेथें केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत १९१४ नव्हे, २०१४ च्या ऑक्टोबरांत 'सायन्स' ह्या साप्ताहिकांत आला. (शंभर वर्षांची चूक आमच्या लेखणीकडून प्रथम झालीच होती, वयाचा परिणाम.) निर्वात केलेल्या एका पात्रांत प्लास्टिकचा लहानसा तुकडा ठेवावयाचा, आणि त्यावर मोहरीहूनही लहान अशा ठिपक्यावर लेसरचा एक फटका मारावयाचा. फटक्यांतील ऊर्जा सुमारें ४० ज्यूल. ही कांहीं मोठी नव्हे; एक किलो गूळ जमिनीवरून चार मीटर उंच माळ्यावर चढविण्यास एवढीच लागते. पण ती खर्चिली जाते एका सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही सहा दशांशांत. तेवढ्या वेळांत प्रकाश स्वतः एक वीतभरही पुढें जात नाहीं! म्हणजे त्या क्षणापुरती शक्ति साडेसहा हजार कोटि वॉटांच्या घरांत जाते. तो ठिपका तात्काळ प्लाझ्मा होऊन सेकंदास शेंकडों किलोमीटरांच्या वेगानें बाहेर उसळतो.

एवढेंच केलें तर प्लाझ्मा कुकरच्या वाफेसारखा फांकतो. म्हणून त्या मंडळींनीं पात्राभोंवतीं तारेचें वेटोळें बसविलें. जर्मनींतील ड्रेस्डेन येथील तज्ञांच्या साहाय्यानें सिद्ध केलेल्या त्या वेटोळ्यांतून क्षणभर प्रचंड विद्युत्प्रवाह सोडला कीं २० टेस्ला इतकें चुंबकीय क्षेत्र, नेमकें प्लाझ्माच्या वाटेच्या दिशेंत, उभें राहतें. आपल्या होकायंत्राची सुई जें पृथ्वीचें क्षेत्र ओळखते, त्याच्या चार लक्षांहून अधिक पट हें झालें. आणि मग काय दिसलें? प्लाझ्मा प्रथम फुगतो, चुंबकीय रेषांस बाजूला लोटतो. रेषा ताणलेल्या दोऱ्यांप्रमाणें उलट दाबतात. तेव्हां प्लाझ्मा त्या पोकळीच्या कडेकडेनें सरकत पुन्हां मध्याकडे वळतो व पुढें एका टोंकांत एकवटतो. त्या टोंकांतून एक बारीक, सरळ झोत निघतो. पुतणीनें आकृति काढून दाखविली, तेव्हां आमच्या घरांतून उद्गार आला, "हा तर उकडीचा मोदक!" आणि खरोखरच तसें आहे. खालीं पोट, वर पाऱ्या मिटून आलेलें नाक, आणि नाकांतून निघालेली वाफ. क्षेत्र असतां झोत, क्षेत्र नसतां फांकणें. आकाशांत जें पाहतां येत नव्हतें तें टेबलावर दिसलें.

ह्या मोदकाच्या नाकांत आणखी एक मौज निघाली. कडेनें आलेला प्लाझ्मा जेथें मध्यावर आदळतो, तेथें आघातानें तापलेला एक शंकु तयार होतो, आणि प्लाझ्मा सतत पुढें जात असला तरी तो शंकु जागच्या जागीं राहतो. नदीच्या वाहत्या पाण्यांत दगड असला म्हणजे त्यापाशीं उठलेली लाट जशी तेथेंच उभी राहते, पाणी मात्र निघून जातें, तसेंच हें. वृषभ राशींत एच्. एच्. १५४ नांवाचा एका बाळ ताऱ्याचा झोत आहे. त्याच्या मुळापाशीं क्ष-किरण देणारा एक ठिपका 'चंद्रा' ह्या अंतराळ-दुर्बिणीस सांपडला होता, व वर्षें गेलीं तरी तो झोताबरोबर पुढें सरकत नव्हता. धांवत्या झोतांत हा स्थिर निखारा कशाचा, हें कोडें होतें. त्या उभ्या शंकूनें त्याचा उलगडा होतो, असें प्रयोगकर्त्यांचें म्हणणें आहे, आणि आम्हांस तें पटतें. कारण हें कोडें सोडविण्यासाठीं म्हणून कोणी शंकु बनविला नव्हता, तो आपण होऊन दिसला.

परंतु विचारी वाचक येथें थांबून म्हणेल, आणि आम्हींही म्हटलें, कीं बोटाच्या पेराएवढ्या झोतावरून अब्जावधि कोसांच्या झोताविषयीं बोलण्याचा अधिकार कोणीं दिला? आपल्याकडे 'पिंडीं तें ब्रह्मांडीं' हें वचन अशा प्रसंगीं फार लवकर तोंडांत येतें, आणि मग आमच्या पूर्वजांस हें सर्व ठाऊक होतें असा समारोप होतो. संस्कृताचा अभ्यास आयुष्यभर केलेल्या माणसानें सांगितलेलें लोकांस रुचणार नाहीं, पण सांगतों: ह्या वचनानें कोणताही प्रयोग सिद्ध होत नाहीं. पिंडांतलें सगळेंच ब्रह्मांडांत नसतें. कोणतें असतें व कोणतें नसतें, हें निवडून काढणें हेंच तर काम.

तें काम गुणोत्तरांनीं होतें. १९ व्या शतकांत विल्यम फ्राउड ह्या इंग्रज स्थापत्यविशारदानें लहान नौका हौदांत ओढून मोठ्या जहाजांस पाण्याचा विरोध किती होईल हें काढण्याची रीत बसविली, ती ह्याच तत्त्वावर. नौकेची लांबी जहाजाएवढी असण्याची गरज नाहीं. कांहीं विशिष्ट राशींचें प्रमाण मात्र दोहोंत एक पाहिजे. प्लाझ्माच्या बाबतींत हे नियम अमेरिकेंतील दिमित्री रियुतोव व त्यांचे सहकारी यांनीं १९९९ सालीं, ताऱ्यांच्या स्फोटाचा विचार करतांना, व्यवस्थित मांडले. झोताचा वेग त्याच द्रव्यांतील ध्वनीच्या वेगाच्या किती पट. द्रव्याचा दाब चुंबकीय दाबाच्या किती पट. द्रव्य थंड होण्यास लागणारा काळ त्याच्या वाहण्याच्या काळाशीं कसा. हीं प्रमाणें जुळलीं, आणि चिकटपणा, उष्णतेची गळती व चुंबकीय क्षेत्राची गळती हीं दोन्हींकडे नगण्य असलीं, तर दोन्ही झोतांचें गणित एकच. मग एकाचें चित्र दुसऱ्याचें, फक्त मापें बदलून.

मापें किती बदलावयाचीं, हा हिशेब आम्हीं पाटीवर केला, आणि तेव्हां खरें आश्चर्य वाटलें. दोन्हींकडील वेग सेकंदास शेंकडों किलोमीटर, म्हणजे साधारण सारखेच. लांबींत १ वर १६ शून्यें इतका फरक धरा. मग प्रयोगांतला एक सेंटिमीटर म्हणजे आकाशांतले दहा हजार कोटि किलोमीटर, सूर्यापासून पृथ्वीपर्यंतच्या अंतराच्या साडेसहाशें पटींहून थोडें अधिक. वेग सारखा, तेव्हां काळही त्याच प्रमाणांत वाढतो. प्रयोगांतले दहा नॅनोसेकंद म्हणजे ताऱ्यापाशींचे दहा कोटि सेकंद, अर्थात् तीन वर्षांहून किंचित् अधिक. ज्योतिर्विदास तीन वर्षें वाट पाहून दिसेल तें येथें पापणी लवण्यापूर्वींच होऊन जातें, आणि दुसऱ्या फटक्याला क्षेत्र कमीजास्त करून पुन्हां पाहतां येतें.

हा हिशेब पुसतांना एक जुनी गोष्ट आठवली, ती न सांगितल्यास हें मागें घेणें अर्धवट राहील. वर्गांत आम्हीं तें परीक्षानळीचें वाक्य उच्चारलें असतां एकदां मागच्या बाकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें होतें, "सर, तारा मोठा आहे म्हणून नळींत बसत नाहीं; पण लहान केला तर?" आम्हीं उत्तर दिलें, "आधीं तूं नळींत बसून दाखव." वर्ग हंसला, मुलगा खालीं बसला, आणि त्या वर्षांत त्यानें पुन्हां हात वर केला नाहीं. त्याच्या प्रश्नास उत्तर होतें. फ्राउडच्या नौकांचें तर त्या वेळींही आम्हांस ठाऊक होतें. तेवढें सांगितलें असतें तरी पुरें होतें. आज तो चाळिशीपुढें गेला असेल. हा अंक त्याच्या घरीं जात असल्यास त्यानें हें आमचें उशीरा दिलेलें उत्तर समजावें.

झोत सरळ कां राहतो हें पाहिलें. आतां तो कधीं कधीं वांकडा कां होतो, हें पाहूं. पुन्हां वृषभ राशींतच जावें लागतें. इ. स. १०५४ मध्यें चिनी ज्योतिषांनीं एक नवा तारा दिवसाउजेडीं पाहिला. त्या स्फोटाचा अवशेष म्हणजे क्रॅब किंवा खेंकडा तेजोमेघ. त्याच्या पोटांत सेकंदास सुमारें तीस गिरक्या घेणारा एक मृत तारा आहे व त्यापासून झोत निघतो. १९९९ सालीं सोडलेल्या 'चंद्रा' दुर्बिणीच्या चित्रमालिकेंत असें दिसलें, कीं हा झोत दर कांहीं वर्षांनीं आपली दिशा बदलतो. अमेरिकेंतील रॉचेस्टर विद्यापीठांत 'ओमेगा' नांवाचा साठ किरणांचा लेसर आहे, तेथें एम्. आय्. टी.च्या शास्त्रज्ञांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्या झोताची लहान प्रतिमा घडविली, व २०१६ सालीं तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. येथें बाहेरून वेटोळें लावलेलें नव्हतें. प्लाझ्मानें आपलें चुंबकीय क्षेत्र आपणच निर्माण केलें. तें हातांतल्या बांगड्यांसारखें झोताभोंवतीं वर्तुळाकार होतें. झोत किंचित् वांकला कीं वांकाच्या आंतल्या बाजूस बांगड्यांची दाटी होते, बाहेरच्या बाजूस त्या विरळ होतात. दाटीचा दाब अधिक, म्हणून वांक आणखी वाढतो. प्रयोगांत झोत असाच एकापुढें एक वळणें घेत गेला. डोळ्यांस न दिसणारें तें क्षेत्र टिपण्यासाठीं शेजारीं एक लहान वायूची कुपी लेसरनेंच दाबून फोडतात. तिच्यांतून निघालेले प्रोटॉन झोतांतून जातांना किती वळले, यावरून क्षेत्राचें चित्र मिळतें. ही युक्ति आम्हांस मूळ प्रयोगाहूनही अधिक आवडली.

सर्वच श्रेय मात्र चुंबकास देणें न्याय्य होणार नाहीं. जपानांत ओसाका येथील 'गेक्को' लेसरनें, शंकूच्या आकाराच्या खळग्यांवर फटके मारून केलेल्या प्रयोगांत असें आढळलें, कीं हलक्या प्लास्टिकपेक्षां जड धातूचा झोत बारीक राहतो. जड अणु प्रकाश अधिक फेंकतात, त्यामुळें प्लाझ्मा लवकर थंड होतो, दाब उतरतो व झोत आपोआप आकसतो. बाळ ताऱ्यांच्या झोतांतही हें थंड होणें चालतेंच. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत तर लेसर न वापरतां, बारीक तारांच्या जुडग्यांतून प्रचंड प्रवाह सोडून झोत करतात. आपल्याकडे मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत झोत नव्हे, पण लेसरनें तापविलेल्या प्लाझ्मांतील चुंबकीय क्षेत्र कसें खवळतें ह्याचें प्रत्यक्ष मापन झालें असून तो निबंध २०१२ सालीं प्रसिद्ध झाला आहे.

लेख पुरा झाल्यावर आम्हीं तो पुतणीकडे पाठविला. या खेपेस सावधगिरी म्हणून. तिनें दोन ठिकाणीं लाल खुणा करून परत धाडला. एके ठिकाणीं आम्हीं 'कृष्णविवराचा झोत प्रयोगशाळेंत उतरविला' असें लिहिलें होतें. तें तिनें खोडलें. मेसिए ८७ च्या झोतांतील द्रव्य प्रकाशाच्या वेगाच्या अगदीं जवळून धांवतें. तेथील नियम निराळे, तीं प्रमाणें ह्या प्रयोगांत जुळत नाहींत. पॅरिसचा प्रयोग बाळ ताऱ्यांपुरताच. दुसऱ्या ठिकाणीं आम्हीं 'झोताचा जन्म' हा शब्द वापरला होता. त्यावर तिनें लिहिलें आहे: "जन्म नव्हे, काका. चकतींतून द्रव्य मुळांत उचललें कसें जातें, हें ह्यांत नाहीं. उचलल्यावर तें एकत्र कसें राहतें, एवढेंच आहे." दोन्ही दुरुस्त्या आम्हीं केल्या आहेत. तिच्या आईनें तो कागद पाहून एवढेंच विचारलें, कीं मोठ्यांच्या लिखाणावर लाल शाई कां. निळी नव्हती कां?

मार्गशीर्षांतील संध्याकाळीं वृषभ राशि पूर्वेस चांगली वर आलेली असते. रोहिणीचा तांबूस तारा ओळखला म्हणजे राशि सांपडली. नुसत्या डोळ्यांस ह्या दोन झोतांपैकीं कांहींच दिसणार नाहीं; चार इंची दुर्बिणींतून खेंकडा तेजोमेघ म्हणजे पुसट धुरकट डाग दिसतो, झोत त्यांतूनही नाहीं. आम्ही आमच्या गच्चीवरून तो डाग पाहिला आहे.